आटवलेलं पाणी

त्या घरात कशावरूनही भांडण व्हायचं, पण पाण्यावरून कधी झालं नाही. पाण्याच्या बाबतीत म्हाताऱ्याचा शब्द शेवटचा. उभी हयात त्याने लोकांच्या विहिरी खणण्यात घालवली होती. गावात त्याला विहीरवाले म्हणत, आणि कुणी नाव विचारलं तर तोही तेच सांगे. गुडघे गेले तेव्हा त्याने पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि गाई पाळल्या, पण जुनी खोड जाईना. कुणाकडे गेला की आधी पाणी मागे, घोट तोंडात घोळवे, जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढी आणि निकाल देई, "मुरमाचं आहे." नाही तर, "काळ्या खडकातलं. जपून वापरा." म्हातारी म्हणे, "लोक पाहुण्याला चहा विचारतात. आमच्या ह्यांना दगड चाटायला दिला तरी पुरे."

घरामागची विहीर त्याने लग्न झाल्या वर्षी स्वतःसाठी खणली होती. तो खाली खणायचा आणि ती वर उभी राहून मातीची टोपली दोराने ओढायची. म्हणजे खरं तर विहीर दोघांची. पण म्हातारा 'माझी विहीर' म्हणे आणि म्हातारी त्याला तेवढं म्हणू देई. गल्लीतली निम्मी घरं तिच्यावर पाणी भरत. भांडं घेऊन आलेलं माणूस रिकाम्या हाताने परत गेलं, असं एकदाही झालं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस हटायचं नावच घेईना. कडबा भिजला, गोठ्यात चिखल झाला, गाईंच्या खुरांना जखमा झाल्या. पण विहीर अशी भरली की वाकून हात घातला तर ओंजळ भरावी. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून धरून दाखवी. त्याच दिवसांत सून बाळंत झाली. मुलगी झाली. म्हाताऱ्याने तिचं नाव 'मालकीण' ठेवलं, कारण ती रडली की घरातली सगळी कामं जागच्या जागी थांबत.

सुनेला मात्र बाळंतपण मानवलं नाही. ताप चढला तो उतरेना. उतरला तेव्हा अंगावरचं दूध आटलं होतं. मूल छातीशी धरून ती बसायची, मूल ओढून ओढून दमायचं आणि मग दोघी रडायच्या. शेवटी दवाखान्यातल्या नर्सने दुधाच्या पावडरीचा डबा लिहून दिला आणि बजावलं, "पाणी उकळूनच घ्यायचं. कच्चं पाणी अजिबात नाही."

"ते माझ्यावर सोडा," म्हातारी म्हणाली.

आणि खरोखर तिने ते असं अंगावर घेतलं की बाटलीला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही. पहाटे उठून विहिरीवरून ताजं पाणी काढायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि पातेलं चुलीवर ठेवायचं. पाण्याला उकळी आली म्हणजे झालं, हे तिला पटत नव्हतं. उकळी काय, चहालाही येते. जन्मभर तिने दूध आटवलं होतं. जितकं आटवावं तितकं कसदार होतं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. पाणीही आटवलं की चांगलं होत असणार. म्हणून पातेलंभर पाणी तांब्याभर उरेपर्यंत ती चुलीपासून हलायची नाही.

"आई, केवढं जळण जातं त्यात," मुलगा म्हणायचा. तो गावचं दूध गोळा करून टेम्पोने शहरात नेई, त्यामुळे खर्चावेचाच्या गोष्टी त्याला आधी दिसायच्या.

"तुझ्यासाठी नव्हतं आटवलं, म्हणून तू असा झालास," म्हातारी म्हणायची.

सून अंथरुणावर पडल्या पडल्या हसायची. तिला सासूचा राग यावा असे प्रसंग कमी नव्हते, पण त्या दिवसांत नाही. ताप असताना रात्रभर कपाळावर ओलं फडकं कुणी बदललं, हे तिला माहीत होतं.

मालकीणबाईंचे ओठ निळसर दिसतात, हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं. दुपारची वेळ होती. म्हातारी गोठा झाडून आली होती आणि हात धूत होती.

"आई, हिचे ओठ बघा. शाई लागल्यासारखे दिसतात."

म्हातारीने बाळाला दाराशी, उजेडात नेलं. ओठ निळसर होतेच. नखंही. "गारठलीय," ती म्हणाली. "हवाच अशी आहे. माझे हात बघ की."

तिने बाळाला लोकरीच्या शालीत गुंडाळलं, तळपाय चोळले, शेकलं. बाळ रडलं नाही. त्या संध्याकाळी म्हातारीने पाणी आणखी थोडं जास्त आटवलं.

शेजारची शिंपीण पाणी भरायला आली, तिलाही तिने विचारलं. शिंपिणीचे दिवस भरत आले होते. एका हाताने पोट सावरत ती बाळावर वाकली आणि म्हणाली, "काकू, मला यातलं काय कळतंय? माझं तर हे पहिलंच. पण रंग उतरलाय खरा."

"पोटात काही गेलं असेल."

"तुमच्या हातचं? तुम्ही पाणीसुद्धा शिजवून देता. मी तर ठरवलंय, माझं झालं की तुमच्याकडूनच शिकणार. दुधाची वेळ आली तर असंच करणार."

म्हातारीला बरं वाटलं. शिंपिणीची कळशी म्हाताऱ्याने स्वतः भरून तिच्या कडेवर ठेवून दिली. "अवघडलेल्या बाईने रहाट ओढायचा नाही," तो म्हणाला. "हाक मारायची. मी आहे."

पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यांचं लक्ष बाळाकडेच होतं. बाळ दूध पीत होतं, पण अर्ध्यात दमत होतं. श्वास भराभर चालायचा. रडायला तोंड उघडायचं आणि आवाज मात्र मांजराच्या पिलाएवढा यायचा. म्हातारीने बाटली दोनदा उकळली, झाकण उकळलं, चमचा उकळला. पाणी तर ती आता घोटभर उरेपर्यंत आटवू लागली. तळाशी पांढरा थर धरायचा. तो ती राखेने घासून काढायची आणि पुन्हा पातेलं चढवायची. भीती वाटली की माणूस जे येतं तेच जास्त करतं, तसं तिचं झालं.

मग एका सकाळी सुनेने किंकाळी फोडली. बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं आणि डोळे उघडत नव्हतं.

मुलाने दुधाचे कॅन टेम्पोतून अंगणात फेकले. एक कलंडला आणि दूध चिखलात गेलं, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या सीटवर सून बाळाला घेऊन बसली, मागे कॅनच्या जागी म्हातारी. रस्ताभर तिने दोन्ही हातांनी टेम्पोचा पत्रा धरला होता आणि केबिनच्या मागच्या काचेतून सुनेचा खांदा तेवढा दिसत होता. तो हलतो आहे की नाही, हे ती बघत राहिली.

मोठ्या दवाखान्यात बाळाच्या नाकाला हवेची नळी लावली तरी रंग बदलला नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या, केस कसेबसे बांधलेले. त्यांनी बाळाच्या टाचेतून रक्त काढलं आणि पांढऱ्या कागदावर थेंब सोडला. थेंब लाल नव्हता. कडक चहासारखा तपकिरी होता. डॉक्टरबाईंनी तो क्षणभर पाहिला आणि वळून विचारलं, "बाळाला काय देता?"

"डब्याचं दूध," सून म्हणाली.

"त्यात पाणी कुठलं?"

म्हातारी पुढे सरकली. हा प्रश्न तिचा होता. "घरच्या विहिरीचं. पण तसंच नाही देत, डॉक्टरबाई. उकळते. नुसतं उकळत नाही, आटवते. आधी पातेल्याचं तांब्याभर करायची, परवापासून तर घोटभर उरेपर्यंत सोडत नाही."

डॉक्टरबाईंनी नर्सला औषधाचं नाव सांगून पिटाळलं. मग स्टूल ओढलं. "आजी, तुम्ही आधी बसा."

म्हातारी बसली नाही.

"उकळल्याने जंतू मरतात. ते तुम्ही बरोबर केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पाण्यात मीठ घालून उकळलं, तर मीठ उडून जातं का?"

"नाही. राहतं."

"आणि आटवलं तर?"

जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला याचं उत्तर सांगायला नको होतं. आमटी आटली की खारट होते. ती त्या स्टुलावर बसली.

"तुमच्या पाण्यात एक क्षार उतरला असावा. नायट्रेट म्हणतात त्याला. मोठ्या माणसाचं शरीर तो बऱ्यापैकी निभावून नेतं. इतक्या लहान बाळाच्या रक्ताला तो श्वास वाहून नेऊ देत नाही, म्हणून बाळ निळं पडतं. यावर औषध आहे. वेळेत आणलंत."

शेवटचं वाक्य सुनेने ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. म्हातारीने बाळाच्या पायाला हात लावायला हात पुढे केला तेव्हा सुनेने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एवढंच. म्हातारीने हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून दुसऱ्या हातात धरून ठेवला.

औषध निळं होतं. निळ्या पडलेल्या पोरीला हे आणखी निळं काय देतात, म्हणून मुलाचा जीव वरखाली झाला. नर्सने त्या तिघांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. व्हरांड्यात बाकावर सून एका टोकाला बसली, म्हातारी दुसऱ्या. मधली जागा मुलाची होती, पण तो उभाच होता. दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. म्हातारी देवाशी काही बोलली नाही. ती मनात फक्त पातेली मोजत होती आणि प्रत्येक पातेलं शेवटाला घोटभरच उरत होतं.

मग आतून रडणं ऐकू आलं. मांजराच्या पिलाचं नव्हे. मालकीणबाईंचं, सगळी कामं थांबवणारं. मुलगा भिंतीला कपाळ लावून रडायला लागला. सून उठून आत धावली. म्हातारी जागची हलली नाही, कारण तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने सून बाहेर आली. हातात बाळाचं ओलं दुपटं होतं आणि चेहरा पांढरा पडला होता. "आई, हे बघा. शू हिरवी केलीय. हिरवी, निळी, कशीतरी."

म्हातारी ताडकन उठली. मागून येणाऱ्या नर्सला हसू आवरेना. "अहो, ते औषधच बाहेर येतंय. उद्यापर्यंत असंच होणार. घाबरू नका."

दोघी ते दुपटं दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. आई अशी हाक सुनेने मारली, हे म्हातारीच्या लक्षात आलं होतं. भीतीने मारली की आपणहून, याचा निकाल तिला लावता येईना.

दुपार कलताना म्हातारा आला. गाईंची धार काढून, शेजाऱ्याच्या बैलगाडीतून, गुडघे चोळत. त्याने नात पाहिली. तिचे ओठ नुसत्या ओठांसारखे दिसत होते. मग डॉक्टरबाईंनी त्याला पाण्याचं सांगितलं तेव्हा तो चक्क हसला.

"माझ्या विहिरीत? डॉक्टरबाई, ते पाणी आम्ही सगळे पितो. गल्ली पिते. पेला आणा, आत्ता पिऊन दाखवतो."

"तुम्हाला काही होणार नाही, बाबा. तिला होतं."

"पाणी बिघडलं तर मला जिभेवर कळतं. आजवर चुकलो नाही मी."

"याला चव नसते. वास नसतो. रंगही नसतो."

म्हाताऱ्याने सवयीने जीभ टाळूला लावली, पण आवाज आला नाही. डॉक्टरबाईंनी साध्या आवाजात पुढचं विचारलं, "गाईंचं शेण कुठे टाकता?"

म्हाताऱ्याने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने फरशीकडे.

शेणाचा खड्डा पूर्वी शेताच्या पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला होता. शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन म्हातारी रोज तिकडे खेपा घालायची. गेल्या वर्षी एकदा वाटेतच तिच्या कमरेत अशी उसण भरली की ती घमेलं मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिली. तिला उठता येईना. हाक मारायची लाज वाटली. म्हाताऱ्याने तिला शोधत येऊन उठवलं आणि घरी आणलं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेली पहार त्याने उचलली आणि गोठ्याच्या मागेच, विहिरीपासून हाकेच्या नव्हे तर कुजबुजीच्या अंतरावर, नवा खड्डा खणला. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून खणला. म्हातारीने तोंडाने खूप बडबड केली, पण आतून ती सुखावली होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला एक फूल आणून दिलं नव्हतं. खड्डा मात्र खणून दिला.

यंदाच्या पावसात तो खड्डा तुडुंब भरला होता. पिवळं पाणी काठावरून वाहत होतं, आणि जे वाहत नव्हतं ते मुरून विहिरीकडे झिरपत होतं.

"ज्याची ज्याची विहीर खणली," म्हातारा हळूहळू म्हणाला, "त्याला बजावून आलो, उकिरडा लांब ठेव. उताराला ठेव. एकाला तर शिव्याही दिल्या होत्या."

दोघं दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. बराच वेळ येणारीजाणारी माणसं बघत राहिली.

"तुझी कंबर होती म्हणून," तो म्हणाला.

"माझी कंबर मोडली असती तरी चाललं असतं."

"मला नसतं चाललं," म्हातारा म्हणाला आणि नाक पुसलं.

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दिवसभर रिकामा राहिलेला तो हात तिथे बरा बसला.

म्हातारी दवाखान्यातच राहिली. म्हातारा त्याच संध्याकाळी घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला. उताराच्या खाली जुना खड्डा बुजत आला होता, तो त्याने मोकळा केला. मग गोठ्यामागच्या खड्ड्यातलं खत फावड्याने घमेल्यात भरायचं, घमेलं डोक्यावर घ्यायचं आणि शेत ओलांडून खाली नेऊन ओतायचं. भिजलेलं खत जड झालं होतं. घमेल्याच्या काठावरून काळं पाणी त्याच्या कानामागून मानेवर उतरायचं. गोठ्यातली नालीही त्याने फोडून दुसऱ्या अंगाला वळवली. मुलगा दुधाचा फेरा संपवून आला की मदतीला लागायचा, पण म्हातारा त्याला घमेलं घेऊ देत नव्हता. "तू भर. नेणार मी."

लोक बघत होते. ज्या माणसाने गावाला पाणी दाखवलं तो डोक्यावर शेण घेऊन चालला आहे, हे दृश्य सोडतो कोण? "विहीरवाले, धंदा बदलला वाटतं," कुणीतरी पारावरून विचारलं. "आता शेणवाले म्हणायचं का?"

"म्हणा," म्हातारा म्हणाला. "पण आधी तुमचा उकिरडा कुठे आहे ते जाऊन बघा."

दवाखान्यामार्फत विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला गेली होती, तिचा निकाल आला. डॉक्टरबाईंनी ओळखलं होतं तेच निघालं. खड्डा हलवला म्हणून विहीर लगेच निवळणार नव्हती. कदाचित वर्ष जाईल, कदाचित जास्त. अधूनमधून तपासत राहायचं. धुण्याला, गुरांना चालेल. तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायांना मात्र थेंबही नाही. शाळेच्या नळाचं पाणी तपासलेलं होतं, ते प्यायचं. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारा खांद्यावर कळशी घेऊन तिकडून पाणी आणू लागला. दुसऱ्याच्या नळाखाली भांडं धरून रांगेत उभं राहायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. शाळेतली पोरं त्याला पुढे जा म्हणायची. तो जायचा नाही.

अशाच एका सकाळी तो कळशी अंगणात उतरवत होता तेव्हा शिंपीण विहिरीवर आली. ती चार दिवस माहेरी जाऊन आली होती. तिने त्याच्याच सांगण्याप्रमाणे हाक मारली, "काका, तेवढी भरून देता?"

म्हाताऱ्याचे पाय सवयीने रहाटाकडे गेले. दोर ओढला, पोहरा वर आला, काठोकाठ भरलेला, आकाश दिसावं इतका स्वच्छ. शिंपिणीने कळशी पुढे केली. म्हाताऱ्याने पोहरा वळवून गाईंच्या डोणीत ओतला.

शिंपिणीचा चेहरा उतरला. त्या विहिरीवरून कुणाला नाही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. "माझं काही चुकलं का, काका?"

"तुझं काय चुकणार, पोरी?" म्हातारा रहाटाला धरून उभा होता. हे वाक्य त्याने रात्रभर जुळवलं होतं आणि आता त्यातलं एकही टोक सापडत नव्हतं. "मी चुकलो. पाणी बिघडवलं मी. दिसायला चांगलं आहे, चवीला चांगलं आहे, पण बाळाला वाईट आहे. आमची पोर त्यानेच निळी पडली. तू हे प्यायचं नाहीस. बाळ झालं तरी त्याला द्यायचं नाहीस. उकळून नाही, आटवून तर मुळीच नाही. दवाखान्यात जाऊन सगळं सांग, किती दिवस प्यालीस ते. ऐकलंस ना?"

शिंपिणीचा हात आपोआप पोटावर गेला. ती रागावेल, ओरडेल, असं म्हाताऱ्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती तिथेच काठावर बसली आणि म्हणाली, "मग आता पाणी कुठलं, काका?"

म्हाताऱ्याने नुकतीच खांद्यावरून उतरवलेली कळशी उचलली आणि तिच्या कळशीत रिकामी केली. मग रिकामी कळशी घेऊन तो पुन्हा शाळेच्या रस्त्याला लागला. त्या दिवसापासून तो तिच्यासाठीही एक खेप करू लागला, आणि जाता जाता प्रत्येक दारात थांबून तेच वाक्य सांगू लागला. दारागणिक ते थोडं नीट जमत गेलं.

मालकीणबाई घरी आल्या तेव्हा गोठ्यामागचा खड्डा नुसता खड्डा उरला होता, मुरूम टाकून बुजवलेला. घरी आल्यावर बाळाचं सगळं सून करू लागली. अशक्तपणामुळे तिला उभ्याने घेरी यायची, तरी ती भिंतीला धरून चुलीपाशी जायची. म्हातारी जळण पुढे सरकवून द्यायची, दुपटी धुवायची, दाराशी बसून भाजी निवडायची. बाटलीकडे तिने पाहिलंही नाही. नर्सने शिकवलं तसं सून पाणी उकळायची, लगेच उतरवायची. तेव्हा म्हातारी पाठ फिरवून बसलेली असे. घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नव्हतं. तेच तिला जड जात होतं.

एका संध्याकाळी बाळ भुकेने रडत होतं आणि सून चुलीकडे निघाली, ती दोन पावलांवर थांबली. घेरी आली की नाही, ते तीच जाणे. ती परत फिरून अंथरुणावर बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आई, दूध करता का जरा?"

म्हातारीच्या हातातली भाजीची जुडी तशीच राहिली. "मी नको. ह्यांना सांग. नाही तर त्याला येऊ दे."

"बाबांना चहा करता येत नाही, दूध काय करतील? आणि तो येईपर्यंत ही घर डोक्यावर घेईल."

"माझ्या हाताला..." म्हातारी म्हणाली आणि थांबली.

"तुमच्या हाताला काय झालंय? त्या दिवशी मी तिला तुमच्यापासून लांब घेतली. तेव्हापासून झोप नाही मला. उठा आता."

म्हातारी उठली. शाळेच्या नळाची कळशी कोपऱ्यात होती. तिने पातेलं घासलेलं होतं तरी पुन्हा घासलं, पाणी ओतलं, चुलीवर ठेवलं. जाळ लागला. ती पातेल्यावर वाकून बसली. तळाशी बारीक बुडबुडे धरले, कडेने पाणी थरथरलं, मग मधून उसळलं. वाफ तिच्या तोंडावर आली. तिचे हात गुडघ्यांवर तसेच. एवढ्याशा उकळीवर विश्वास टाकायचा, हे तिला जमत नव्हतं.

"आई," मागून सून हळूच म्हणाली, "झालं. उतरवा."

म्हातारीने फडक्याने पातेलं धरलं आणि उतरवलं. भरलेलं पातेलं. ते इतकं जड तिला कधी लागलं नव्हतं. तिने पाणी निवू दिलं, पावडर मापाने घातली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. सुनेने बाटली घ्यायला हात पुढे केला नाही, बाळच उचलून तिच्या हातात दिलं.

मालकीणबाईंनी बाटली अशी ओढली की म्हाताऱ्यालाही अंगणात ऐकू गेलं. खांद्यावरची कळशी न उतरवताच तो दारात येऊन उभा राहिला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाळाची मूठ तिने दिव्याच्या उजेडात धरली, एकेक बोट उलगडलं आणि नखं बघितली. गुलाबी होती. मग तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, म्हणून तिने दुसरी मूठ उघडून बघितली.